मुळांची सरबते व घरगुती कुल्फी

मुळांची सरबते व घरगुती कुल्फी : वाळा, उपळसरी यांसारख्या वनस्पतींच्या सुवासिक मुळांचा अर्क साखरेच्या किंवा गुळाच्या पाकात मिसळून केलेली पेये आणि त्यांच्या जोडीने उन्हाळ्यात घरी गोठविले जाणारे दुधाचे पदार्थ. पूर्व विदर्भातील कडक उन्हाळ्यात या पदार्थांना विशेष महत्त्व आहे. गोंदिया जिल्ह्यातील (हा १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला) नवेगाव बांध परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो व शरीरातील पाणी किती कमी झाले, हे ध्यानात येत नाही. अशा हवेत उन्हातून आलेल्यास गूळपाणी, ताक, आंबील किंवा कैरीचे पन्हे देण्याची रीत जुनी आहे. मुळांची सरबते हा तिचाच एक प्रकार होय.

परिसर व वनस्पती : नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकात बांधला, असे मानले जाते. कोहळी समाज तलावबांधणीप्रमाणेच उसाच्या लागवडीसाठीही प्रसिद्ध असल्याने या भागात गुळाचा वापर परंपरेने रूढ आहे. तलावाभोवतीचे वन शुष्क पानझडी प्रकारचे असून १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. २०१३ पासून ते नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. मध्य भारतातील अशा वनांत उपळसरी, बेल व चारोळी या वनस्पती आढळतात. वाळा ओलसर जमिनीत व पाण्याच्या काठी वाढतो.

उपळसरी ही बारीक, दुधी चिकाची वेल असून तिला अनंतमूळ, संस्कृतमध्ये सारिवा, तमिळमध्ये नन्नारी व तेलुगूमध्ये सुगंधिपाला म्हणतात. शास्त्रीय नाव हेमिडेस्मस इंडिकस. पाने समोरासमोर असून त्यांवर अनेकदा पांढरट छटा असते. मूळ लांब, काष्ठमय व गर्द तपकिरी असते. त्याचा सुवास ज्या द्रव्यामुळे येतो, ते व्हॅनिलाच्या गंधद्रव्याशी रासायनिक दृष्ट्या अत्यंत निकट आहे. दोहोंतील घटक अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. इतर काही वेलींची मुळे ‘सारिवा’ म्हणून विकली जातात. त्यांना हा सुवास नसल्यास ती सरबतासाठी घेऊ नयेत.

वाळा हे गवत असून त्याच्या मुळांची जुडी पिण्याच्या माठात टाकतात. त्याच मुळांच्या ताट्या दारांखिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत विदर्भात होती. माठ व ताटी या दोहोंमागील तत्त्व एकच आहे : पाण्याचे बाष्प होताना भोवतालची उष्णता शोषली जाते. १ ग्रॅ. पाण्याच्या बाष्पीभवनास सु. ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणूनच कोरड्या मे महिन्यात माठातील पाणी उत्तम गार होते व दमट पावसाळ्यात तसे होत नाही.

सरबताची कृती : सु. ५० ग्रॅ. उपळसरीची मुळे स्वच्छ धुऊन, वाळवून ठेचतात व १ लि. पाण्यात रात्रभर भिजवितात. दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून मंदाग्नीवर पाणी निम्मे होईपर्यंत उकळतात. झाकण न ठेवल्यास सुवास वाफेबरोबर निघून जातो. अर्क गाळून त्यात सु. ९०० ग्रॅ. साखर विरघळवितात. पाकात साखरेचे प्रमाण वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास असल्यास तो सहसा आंबत नाही. पिताना दोन चमचे पाक पेलाभर गार पाण्यात घेऊन लिंबाचा रस व चिमूटभर मीठ घालतात. गूळ वापरल्यास रंग व स्वाद अधिक गडद होतो. परंतु असे सरबत फार दिवस ठेवू नये.

पाश्चात्त्य ‘रूट बिअर’ : उत्तर अमेरिकेतील हे पेय या सरबतांचे दूरचे नातलग म्हणता येईल. नावात ‘बिअर’ असले, तरी त्याच्या प्रचलित प्रकारात मद्यार्क नसतो. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या प्रदर्शनाच्या सुमारास ते लोकप्रिय केले. त्याचा मूळ स्वाद सॅसफ्रस वृक्षाच्या मुळांच्या सालीचा होता. त्या सालीतील सॅफ्रोल या द्रव्यामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोग उद्भवल्याचे दिसून आल्यावर १९६० मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास बंदी झाली. त्यानंतर सॅफ्रोलविरहित अर्क व कृत्रिम स्वाद वापरात आले. रूट बिअरमध्ये सार्सापरिलाचाही वापर होतो. उपळसरीस ‘भारतीय सार्सापरिला’ म्हणत असले, तरी दोन्ही वनस्पतींची कुले भिन्न आहेत; खऱ्या सार्सापरिलाची आपल्याकडील जातभाई घोटवेल होय. रूट बिअरमध्ये आइसक्रीमचा गोळा टाकण्याची तेथे आवड आहे. मदुराईच्या प्रसिद्ध ‘जिगरथंडा’ या पेयात दूध व आइसक्रीम यांबरोबर नन्नारीचा पाक असतो.

घरगुती कुल्फी : सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात सोऱ्याने पाणी गार करण्याची पद्धत वर्णिली आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतून जहाजाने कलकत्त्यास बर्फ आला व पुढे मुंबईसही येऊ लागला. खेड्यांत मात्र विजेवर चालणारे बर्फाचे कारखाने व प्रशीतके आल्यावरच गोठविलेले पदार्थ रुळले.

प्रशीतकाशिवाय कुल्फी करण्यासाठी १ लि. दूध आटवून निम्म्याहून कमी करतात. दुधातील पाणी कमी झाल्याने बर्फाचे मोठे स्फटिक बनत नाहीत. साखर, वेलदोडा व चारोळी घालून निवलेले दूध धातूच्या साच्यांत भरतात आणि झाकणे कणकेने बंद करतात. साचे माठात ठेवून भोवती वजनाने ३ भाग कुटलेला बर्फ व १ भाग जाडे मीठ भरतात. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळत राहतो. वितळताना तो प्रत्येक ग्रॅममागे सु. ८० कॅलरी उष्णता शोषतो व ती दुधातून खेचली जाते. या मिश्रणाचे तापमान जास्तीत जास्त –२१° से.पर्यंत उतरू शकते. साखर अधिक झाल्यास कुल्फी नीट गोठत नाही. कुल्फीवर उपळसरीचा पाक ओतावयाचा असल्यास त्यात लिंबू घालू नये, अन्यथा दूध फाटते.

दक्षता : मीठ मिसळलेला बर्फ केवळ बाहेरून थंडावा देण्यासाठी असतो, तर सरबतात टाकावयाचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा लागतो. दूषित पाण्याच्या बर्फातील रोगजंतू गोठल्यानेही मरत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला, तो याच कारणासाठी. सरबत हा उष्माघातावरील उपचार नव्हे. उन्हाने भोवळ येऊन शुद्ध हरपू लागल्यास रोग्यास सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालावा व तातडीने दवाखान्यात न्यावे. बेशुद्धास काहीही पाजू नये.

लागवड व संरक्षण : पन्ह्यासाठी कैरी तोडली, तरी झाड टिकते, मूळ उपटले की वेल नष्ट होऊ शकते. त्यामुळे मागणी वाढल्यास या वनस्पतींना फळांपेक्षा अधिक धोका संभवतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती काढता येत नाहीत. उपळसरी बियांपासून किंवा मुळांच्या तुकड्यांपासून परसात लावता येते. दोन-तीन वर्षांनी मुळे काढताना काही भाग जमिनीत राखल्यास वेल पुन्हा फुटते. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. म्हणून तो शेताच्या बांधावर लावणे उपयुक्त ठरते. तेथील सर्व मुळे एकाच वेळी न काढता आळीपाळीने काढल्यास सरबतास मुळे मिळतात आणि बांधही शाबूत राहतो.