अवघड जागेचा डाग

"हातावर जरा खाज येते, साहेब." मी हात बघतो. हातावर काहीच नसतं. माणूस उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथून मागे वळतो. "आणखी एक विचारायचं होतं..." नाशकात त्वचारोगाचा दवाखाना चालवताना हे वाक्य मी जवळपास रोज ऐकतो. ते कानावर आलं की पेन खाली ठेवतो, मदतनीसाला बाहेर पाठवतो आणि दाराला कडी लावतो.

येणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, गुप्तरोग. आमच्या पाट्यांवरही 'त्वचा व गुप्तरोग' असं जोडीनंच लिहिलेलं असतं. त्यामुळे जांघेत किंवा लिंगावर रंग बदललेला दिसला की माणूस आधी स्वतःला गुन्हेगार ठरवतो आणि मग चार-सहा महिने कुणालाच काही दाखवत नाही. पडद्यामागे दिवा ओढून मी बघतो तेव्हा अनेकदा सांगावं लागतं, "दादा, हे असंच असतं." वयात येताना तिथली कातडी हार्मोनमुळे बाकीच्या अंगापेक्षा काळसर होते. मधोमध एक गडद शिवण दिसते. टोकाच्या कडेला काही जणांना मोत्यासारखे बारीक दाणे ओळीनं असतात. यातलं काहीच रोग नाही. एवढं ऐकून माणूस मोठा श्वास सोडतो, तो मला पडद्याबाहेर उभं राहूनही ऐकू येतो.

मध्यंतरी एक जण बायकोवर संशय घेऊन आला होता. लिंगाच्या टोकावर रुपयाएवढा जांभळट काळा डाग, तिसऱ्यांदा उठलेला आणि दर वेळी त्याच जागी. मी विचारलं, "डाग यायच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?" खूप आठवून म्हणाला, जुलाब. तिन्ही वेळा जुलाब, तिन्ही वेळा मेडिकलमधून आणलेली तीच गोळी. काही औषधांची अशी खोड असते. जुलाबावरच्या काही गोळ्या, सल्फा, काही वेदनाशामकं घेतली की काही तासांत अंगावर ठरलेल्या जागी डाग उठतो, आणि लिंगाचं टोक ही त्यांची आवडती जागा. गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं, पाकिटात ठेवायला सांगितलं. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

पांढऱ्या रंगाचं मात्र सावकाश बघावं लागतं. खोली अंधारी करून मी वुडचा दिवा लावतो. त्यातून ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश पडतो. कोड असेल तर डाग खडूसारखा निळसर पांढरा उजळून येतो. लग्न ठरलेल्या मुलाला मी त्याच अंधारात सांगतो की हे स्पर्शानं पसरत नाही आणि संसारसुखात याची काही आडकाठी नाही. पुढची कातडी पांढरी पडून चिरत असेल तर मी आधी साखर तपासायला पाठवतो. मधुमेह असल्याचं पहिल्यांदा इथूनच कळलेले कितीतरी जण आहेत. आणि कातडी पांढरी, कडक, आवळत चाललेली, लघवीची धार बारीक झालेली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस. त्याच्यावर कडक स्टिरॉइड मलमच लागतं आणि नंतर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते, कारण थोड्या जणांत तिथे पुढे कर्करोग होऊ शकतो.

तेच स्टिरॉइड नायट्यावर लावलं की काय होतं, ते निफाडकडच्या एका द्राक्षवाल्याच्या जांघेत दिसलं. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते. दिवसभर अंगावर प्लॅस्टिकचा कोट चढवून फवारणी, आत घाम, कमरेला करगोटा, त्याच्याखालीही लाल चट्टा. दोन्ही जांघांत तपकिरी काळे पट्टे आणि त्यांतून फाटल्यासारखे पांढरट चर. खिशातून ट्यूब काढली, शेपटापासून गुंडाळत पार संपवलेली. "लावली की दोन दिवसांत थांबतं, सोडली की दुप्पट." स्टिरॉइड लाली आणि खाज झाकतं, बुरशीला मोकळं रान देतं. त्यातून वृषणांची कातडी भलतीच पातळ. फेल्डमन आणि मायबॅक यांनी १९६७ साली मोजलं, तेव्हा हायड्रोकॉर्टिझोन हाताच्या आतल्या बाजूपेक्षा तिथून ४२ पट जास्त शोषलं गेलं होतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. ट्यूब अजूनही मागेल त्याला मिळते, आणि हे मला मनापासून सलतं.

मी बोथट पात्यानं चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडला. मधला भाग घ्यायचा नसतो, बुरशी कडेला जिवंत असते. काचपट्टीवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच, पंधरा मिनिटं थांबणं. मग सूक्ष्मदर्शकाचा उजेड कमी केला आणि त्यालाच डोळा लावायला सांगितलं. पेशींच्या फिकट फरशीवरून पेरांपेरांचे, फांद्या फुटलेले धागे गेले होते.

तो म्हणाला, "ही तर भुरी आहे."

द्राक्षाच्या पानावरच्या त्या बुरशीच्या नात्यातली म्हणायला हरकत नव्हती. मग मला फार समजवावं लागलं नाही. पान स्वच्छ दिसलं म्हणून फवारणी सोडली की भुरी परत येते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे औषध लावायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा, चड्डी उन्हात आतली बाजू वर करून वाळवायची. करगोट्यावर तो अडला. आईनं बांधलेला होता. शेवटी जुना काढून औषध संपल्यावर नवा बांधायचा असं ठरलं.

निघताना त्यानं आवाज खाली करून विचारलं, "ते दुसरं तर नाही ना?" मी नाही म्हटलं. न दुखणारी जखम किंवा पू असता तर रक्त तपासलं असतं, तेही लाजेचं नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. न भरणारा लाल मखमली चट्टा किंवा वेडावाकडा वाढणारा काळा डाग असता तर तुकडा काढून तपासायला पाठवला असता.

सहा आठवड्यांनी आला तेव्हा खाज नव्हती. काळपटपणा उरला होता. तो आजार नव्हे, मागे राहिलेली खूण, जायला महिने लागतील. चर मात्र राहणार, हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, घरात तसल्या अजून दोन ट्यूब आहेत, धाकटा भाऊ त्याच लावतो.

दुसऱ्या दिवशी दोघंही आले.