घरपट्टीच्या बिलातली दिल्ली

सत्तेचा ताळेबंद : लेखांक सातवा (नोव्हेंबर 2025)

जून 2022 च्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईच्या राजकारणाने काही दिवस विरारला मुक्काम हलवला होता. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार, आणि सहाव्या जागेचे गणित मोजक्या मतांवर अडलेले. वसई, नालासोपारा आणि बोईसर असे बहुजन विकास आघाडीचे तीन आमदार. ते कोणाकडे झुकणार, या चिंतेने महाविकास आघाडीचे आणि भाजपचे नेते या आघाडीचे सर्वेसर्वा हितेंद्र ठाकूर यांना भेटायला येऊन गेले. 10 जूनला मतदान झाले. भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले, शिवसेनेचे संजय पवार पडले. दहा दिवसांनी विधान परिषदेसाठी पुन्हा तीच वर्दळ. त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्यासोबतच्या आमदारांच्या मोटारी आपल्याच तालुक्यातून, अहमदाबाद महामार्गाने सुरतेकडे गेल्या. वसईकर तेव्हा झोपेत होते.

एवढ्या लगबगीत एक गोष्ट कोणाला खटकली नाही. ज्या शहरातली मते दिल्लीत खासदार बसवण्यासाठी हवी होती, त्या शहराला स्वतःचा एकही नगरसेवक नव्हता. वसई-विरार महापालिकेची मुदत 28 जून 2020 ला संपली. तेव्हा करोना होता, निवडणूक लांबली हे समजण्यासारखे. पुढे मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणाला तिहेरी कसोटी लावली, मग त्यासाठी बांठिया आयोग आला, आणि प्रभागरचनेचा घोळ तर सरकार बदलेल तसा नव्याने सुरू होत राहिला. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 243-यू सांगतो. आपल्याकडे प्रशासकाच्या राजवटीलाच पाच वर्षे उलटली. अखेर न्यायालयाने 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख दिली, तेव्हा कुठे 115 जागांसाठी इच्छुकांचे फलक नाक्यानाक्यावर लागू लागले.

मागच्या लेखांकावर बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला. केंद्र आणि राज्याचे हिस्से कळले, पण त्याचा आमच्या गल्लीशी संबंध काय? काहींनी पुढे असेही म्हटले, की नगरसेवक नव्हते म्हणून कुठे काय अडले, दिवे लागत होते, कचराही उचलला जात होता.

दिवे लागत होते हे खरे. पण अर्थसंकल्प तयार करणारा अधिकारी, तो तपासणारी स्थायी समिती आणि तो मंजूर करणारी महासभा, हे तिन्ही या काळात एकाच खुर्चीत बसलेले होते. आयुक्त कितीही सचोटीचा असो, त्याला या खुर्चीवर मंत्रालय बसवते आणि मंत्रालयच उठवते. रस्ता आधी आचोळ्याचा करायचा की निर्मळचा, यावर भांडणारे कोणी उरले नाही. सभागृहातली भांडणे टीव्हीवर हास्यास्पद दिसतात, पण पैसा कुठे जातो हे कळायची तीच एक सार्वजनिक जागा होती.

गल्लीशी संबंध पाहायचा असेल तर घरपट्टीचे बिल काढा. अगदी समोर ठेवा. सामान्य कर, वृक्ष कर असे रकाने एकाखाली एक दिसतील. त्यात राज्य शासनाचा शिक्षण कर हा रकाना शोधा. दुकानाचा किंवा कारखान्याचा गाळा असेल तर रोजगार हमीचा उपकरही सापडेल. 1962 च्या कायद्याने लावलेले हे कर महापालिका वसूल करते आणि शासनाकडे भरते. म्हणजे विरारच्या वन रूम किचनच्या बिलातही एक भाग मंत्रालयाचा असतो. बिल महापालिकेचे, रांग महापालिकेच्या खिडकीवर, शिव्या महापालिकेला, आणि तेवढा पैसा मात्र पुढे जातो.

हा झाला वर जाणारा पैसा. खाली येणाऱ्याची कथा जास्त रंजक आहे, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले आपले सगळे स्थानिक राजकारण तिच्याभोवती फिरले आहे.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून शहरांना बाराव्या परिशिष्टात 18 कामे दिली. पाणी, रस्ते, गटारे, स्मशाने, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, सगळे त्यात आहे. कामांची यादी दिली, पण करांची यादी दिली नाही. कोणता कर शहराने लावायचा हे राज्याच्या विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. त्या काळी शहरांच्या हातातला खरा पैसा होता जकातीचा. नाक्यावर ट्रक अडवायचा, माल पाहायचा, पैसे घ्यायचे. पद्धत रानटी होती, लाचखोरी उघड होती, डिझेल आणि वेळ वाया जायचा, यात वाद नाही. पण तो पैसा गावच्या वेशीवर जमायचा आणि गावच्याच तिजोरीत पडायचा.

वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या तेव्हा चार नगर परिषदा होत्या. राज्यातल्या नगर परिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली आणि बदल्यात अनुदान सुरू झाले. 3 जुलै 2009 ला चार नगर परिषदा आणि 53 गावे मिळून महापालिका झाली. महापालिकेच्या दर्जाबरोबर नव्या कराची दारे उघडली, ती स्थानिक संस्था कराची, म्हणजे एलबीटीची. नाका नाही, व्यापाऱ्याने आपल्या वह्यांवरून हिशेब करून भरायचे. 2013 मध्ये मोठ्या शहरांत तो लागू झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, 2014 च्या निवडणुकीत तो रद्द करण्याचे आश्वासन गाजले, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात 50 कोटींच्या वर उलाढाल करणारे किती असणार? उरलेसुरले 1 जुलै 2017 ला जीएसटीने संपवले.

मग भरपाई ठरली. राज्यांचे नुकसान झाले तर 2015-16 हे पायाभूत वर्ष धरून दरसाल 14 टक्के वाढ गृहीत धरू आणि पाच वर्षे फरक भरून देऊ, असा शब्द केंद्राने राज्यांना दिला. महाराष्ट्राने आपल्या महापालिकांसाठी वेगळा कायदा केला, तो 2016-17 च्या उत्पन्नावर दरसाल 8 टक्के वाढीचा. राज्याने दिल्लीकडून 14 मागून घेतले आणि शहरांना 8 वर बसवले. मुंबई महापालिकेला 5 जुलै 2017 ला 647 कोटींचा पहिला धनादेश मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले होते. 8 आणि 14 मधला फरक कोणी छापल्याचे मला आठवत नाही.

आता 8 टक्के वाईट का? हिशेबाने पाहिले तर 100 रुपयांचे नऊ वर्षांत जवळपास 200 होतात. महागाई वजा केली तरी काही उरते. अडचण रकमेत नाही, सूत्रात आहे. समजा वालीवमध्ये नवा कारखाना आला, दोनशे लोकांना काम मिळाले, उलाढाल वाढली. त्याचा जीएसटी केंद्राला आणि राज्याला जातो. माल गुजरातेत विकला गेला तर राज्याचा वाटाही गुजरातला, कारण हा कर माल जिथे खपतो तिथला. कारखान्याचे ट्रक चालतात वसईच्या रस्त्यावर, सांडपाणी जाते वसईच्या नाल्यात, कामगार राहतात नालासोपाऱ्याच्या चाळीत. महापालिकेच्या भरपाईत मात्र त्या कारखान्यामुळे एका रुपयाची भर पडत नाही. ती 2016-17 ला बांधलेली आहे. कारखाना बंद पडला तरी ती कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणजे शहरात धंदा वाढो की बुडो, तिजोरीला फरक पडत नाही. फरक पडतो तो इमारतींनी. घरपट्टी, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क, मुद्रांक शुल्कावरचा 1 टक्का अधिभार, हे सगळे जमीन आणि बांधकाम यांच्याशी जोडलेले. शहराला कमवायचे असेल तर बांधकाम वाढायला हवे, अशी ही रचना आहे. वसई-विरारमध्ये बेसुमार बांधकाम त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होते, त्यामुळे सगळे खापर जीएसटीवर फोडणार नाही. पण ज्याने ते थांबवायचे, त्याचेच पोट त्यावर भरते, ही गोष्ट 2017 नंतर अधिक पक्की झाली.

याची सर्वांत कडू बाजू अनधिकृत इमारतींच्या बिलात दिसते. महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि असा कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असेही तेच कलम सांगते. खोली घेणाऱ्याला कलम कुठे माहीत असते? दलाल त्याला घरपट्टीची पावती दाखवतो. पावतीवर महापालिकेचे नाव आहे, म्हणजे खोली पक्की, असे तो समजतो आणि गावची जमीन विकून पैसे मोजतो. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या, 2025 च्या सुरुवातीला शेवटच्या इमारतीवर यंत्र चालले आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ती जागा आरक्षित होती सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी. बाराव्या परिशिष्टातल्या कामांसाठी ठेवलेल्या जमिनीवर घरे उभी राहिली, आणि ती उभी राहताना कोणत्याच खात्याच्या डोळ्यांत आली नाहीत. पुढे ईडीचा तपास सुरू झाला. दिल्ली तेव्हा आली, वरातीमागून.

पैसा वरून येऊ लागला की राजकारणाची भाषाही बदलते. पूर्वीचा पुढारी म्हणायचा, मी रस्ता केला. आताचा म्हणतो, मी निधी आणला. हा ‘आणणारा’ माणूस आपल्या लोकशाहीतले नवे पद आहे. कायद्याने जो पैसा शहराला मिळायलाच हवा, तोही कोणीतरी खेचून आणल्यासारखा फलकावर झळकतो. मग स्वाभाविकच प्रश्न येतो की वर ज्यांचे सरकार नाही ते आणणार कुठून. डबल इंजिनचा प्रचार याच जागेवर उभा आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेत बहुजन विकास आघाडीचे तिन्ही आमदार पडले. वसईत स्नेहा दुबे पंडित यांनी हितेंद्र ठाकूरांना 3,153 मतांनी हरवले, नालासोपाऱ्यात राजन नाईकांनी क्षितिज ठाकूरांना. 1990 पासून जवळजवळ सलग चाललेला ठाकूरांचा विधानसभेतला दबदबा एका निकालात ओसरला. त्यामागे पाण्याची टंचाई, वाहतुकीचा बट्ट्याबोळ, नव्या मतदारांची वेगळी ओळख अशी बरीच कारणे आहेत. पण ‘यांना वर कोण विचारतो’ हा सूर प्रचारात ज्यांनी ऐकला, त्यांना आठवत असेल.

स्थानिक सत्ता म्हणजे सोन्याची, असे मात्र मी म्हणणार नाही. 2015 मध्ये याच महापालिकेत एका पक्षाचे शंभराहून अधिक नगरसेवक होते. विरोधकांकडे प्रश्न विचारायला माणसेच नव्हती. आणि त्याआधी, 2009 मध्ये, महापालिकेत जायला नको म्हणून गावे पेटली होती. शेतीवाडीवर जगणाऱ्या वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावांना घरपट्टीची आणि इमारतींची धास्ती होती. त्याच आंदोलनावर विवेक पंडित आमदार झाले. 2011 मध्ये राज्याने 29 गावे वगळायचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि 2024 मध्ये राज्यानेच तो मागे घेतला. तेरा वर्षे ही गावे ना धड आत होती ना धड बाहेर. कोणत्या सत्तेखाली राहायचे, हे त्या गावांनी ठरवले नाही. विरारनेही ठरवले नाही, मुंबईने ठरवले.

जीएसटी परिषदेत तर शहरांना उभे राहायलाही जागा नाही. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्र नको म्हणाले की सगळी राज्ये एकत्र येऊनही काही होत नाही. केंद्रालाही एकट्याने काही करता येत नाही. महापालिकेचा शब्दही कुठे नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विरारसारख्या ठिकाणी ही बातमी खरी तर दिवाळीआधीच्या दिवाळीची. पण चालू बांधकामातल्या घरावर 2019 पासून 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरावर 1 टक्का कर आहे, बांधणाऱ्याला सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे त्याचा खर्च कमी झाला हे नक्की, तो फायदा घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचवायचा की नाही हे तो ठरवणार. शिवाय परवडणारे घर म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर आणि 45 लाखांपर्यंत, ही मर्यादा 2019 ची. विरारचे भाव तेव्हापासून कुठे गेले हे स्टेशनबाहेरच्या कोणत्याही दलालाला विचारा.

निवडणुकीत दारावर येणाऱ्या उमेदवारांना निधीबद्दल विचारायचे असेल तर दोनच गोष्टी विचारा. भरपाईची रक्कम यंदा किती ठरली आणि किती आली? अधिभाराचा हिस्सा शासनाकडे किती महिने थकला? जो म्हणेल की मी आणतो, त्याला म्हणा की हे आणायचे नाही, हे येणे आहे.

एक विषय जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. सूर्या प्रकल्पाच्या 403 दशलक्ष लिटर योजनेतले 185 दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे, आणि ते ज्या धामणी धरणातून येते ते बांधले गेले डहाणू, विक्रमगड, पालघरच्या आदिवासी शेतीसाठी. तिथल्या एका शिक्षकाचे दीर्घ पत्र आले आहे आणि ते आपल्याला, म्हणजे नळ असलेल्यांना, सोयीचे नाही. पुढच्या लेखांकात तेच.