ट्रॉली, घरगुती बनावटीची

ट्रॅक्टरमागे जोडून ओढावयाचे, स्वतःचे एंजिन नसलेले मालवाहू वाहन. गावातील वेल्डिंगच्या दुकानात जुना आस, चाके व लोखंडी पट्ट्या वापरून ते तयार करतात. महाराष्ट्रात ऊस, शेणखत, विटा इत्यादींच्या वाहतुकीसाठी ते वापरतात. सांगाडा भक्कम करण्याकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसेल किंवा नाही याकडे दिले जात नाही.

दृश्यमानता : ताशी 80 किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सु. 22 मी. अंतर तोडते. चालकाच्या प्रतिक्रियेस दीड सेकंद धरल्यास तेवढ्यात 33 मी. अंतर संपते आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सु. 40 मी. लागतात. खाली वळविलेल्या प्रकाशझोतात मळकट वस्तू मात्र पुष्कळदा 50 मी.च्या आतच नजरेस येते. म्हणजे रस्त्यात बंद पडलेली अंधारी ट्रॉली दिसल्यानंतर थांबणे जमतच नाही. समोरील वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपल्यास तर नाहीच नाही.

ट्रॅक्टरचे मागील दिवे ट्रॉलीआड झाकले जातात. म्हणून ट्रॉलीच्या मागील दोन्ही कडांना तांबडे दिवे लागतात. परावर्तकास वीज लागत नाही. आलेला प्रकाश तो उगमाच्या दिशेने परत पाठवितो व त्यामुळे एंजिन बंद असतानाही उपयोगी पडतो. रस्ता वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात ट्रेलरच्या मागे किमान दोन तांबडे, समभुज त्रिकोणी परावर्तक सांगितले असून त्यांची बाजू 15 ते 20 सेंमी. व एक टोक वर असावे लागते. हा आकार ओळखीचा झाला, की पुढे ट्रेलर आहे हे चालकास दुरूनच कळते. दिवसा बांधलेले तांबडे फडके रात्री निरुपयोगी ठरते. ऊस भरल्यावर मागे लोंबणारे शेंडे दिवे व परावर्तक दोन्ही झाकतात; त्यामुळे तपासणी रिकाम्या नव्हे, तर भरलेल्या ट्रॉलीची करणे आवश्यक असते. चिखलही वेळोवेळी पुसावा लागतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्यास ओलांडून जाणाऱ्यास एकूण लांबीचा अंदाज येत नाही. बाजूंवरील परावर्तक येथे उपयोगी पडतात.

जोडणी व भार : एकाच आसाच्या ट्रॉलीत भाराचा थोडा अंश दांडीमार्गे हुकावर आला पाहिजे. भार आसाच्या मागे गेल्यास दांडी उचलली जाते, ट्रॉली डोलू लागते आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते. हुकाच्या खिळीस अडकण असावी व जोडीला सुरक्षा साखळी असावी. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला पुढे ढकलते. म्हणून उतार खालच्या गिअरमध्येच उतरतात, गिअर काढून नव्हे.

ट्रॉली बंद पडल्यास ती शक्य तेवढी रस्त्याच्या कडेला घेऊन मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवतात. चाकांना लावलेले दगड निघताना रस्त्यातच टाकून जाण्याची सवय सर्रास आढळते. ट्रॉली निघून गेल्यावर तेच दगड दुचाकीस्वारांचा घात करतात.