गिटारला कंठ फुटला

रात्रीची वेळ. मोठे नृत्यगृह माणसांनी गच्च भरले आहे. मंचावर दहा-बारा वादक बसले आहेत. ट्रंपेटचा स्वर भिंतींवर आदळत आहे, ढोल घुमत आहेत, पियानो खणखणत आहे. एका बाजूस खुर्चीवर बसलेला एक वादकही जीव तोडून तारा छेडीत आहे. परंतु त्याच्या वाद्याचा स्वर दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. तो गिटारवादक होय. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील जाझ संगीताच्या मेळ्यांत गिटारची स्थिती अशी होती. ती वाजत असे, पण ऐकू येत नसे.

गिटार हे मुळात लहान बैठकीचे वाद्य. तिचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये घडले. आंतोनियो दे तोरेस या कुशल कारागिराने तिची पेटी मोठी केली, वरची फळी पातळ केली आणि त्या फळीला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या पट्ट्यांचा आधार दिला. त्या काळी गिटारला आतड्याची तात लावीत. तात छेडली की ती थरथरते, तिच्याबरोबर फळी थरथरते आणि पेटीतील हवा त्या कंपनाला साथ देते. स्वर गोड निघतो, पण लाकडाची पेटी आणि माणसाची बोटे यांच्या बळाला मर्यादा असतेच. पुढे अमेरिकेत तातीऐवजी पोलादी तारा आल्या. आवाज थोडा वाढला, एवढेच.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनी हे वाद्य आपलेसे केले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली होती. परंतु दारिद्र्य आणि अपमान संपले नव्हते. त्या जगण्यातून ‘ब्लूज’ नावाचे गाणे जन्मास आले. गिटारच्या गळ्यावर सतारीसारखे पडदे असतात. मात्र ते पक्के बसविलेले असल्यामुळे दोन स्वरांच्या मधल्या जागा सहजी सापडत नाहीत. ब्लूज गायकांना तर नेमक्या त्याच जागा हव्या होत्या. मग कोणी तारेवरून बाटलीची मान फिरवू लागला, कोणी सुरीचे पाते. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील एका लहानशा रेल्वे स्थानकावर डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने एका फाटक्या कपड्यांतील माणसाला अशीच सुरी घासून गिटार वाजविताना ऐकले. ते सूर तो जन्मभर विसरला नाही. आपल्याकडील मींड ज्याने ऐकली आहे, त्याला त्या सुरांची जात ओळखता येईल.

झोपडीच्या ओसरीवर एक गळा आणि एक गिटार पुरेशी होती. शहरातील जाझच्या मेळ्यात ती पुरेना. तेथे पुष्कळ दिवस तिच्याऐवजी बँजो वाजत असे, कारण त्याच्या कातड्याचा टणत्कार दूरवर जाई. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र गोष्ट निराळी होती. १९२८-२९ मध्ये लॉनी जॉन्सन आणि एडी लँग यांनी केवळ दोन गिटारींवर केलेल्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहेत. लँग गोरा होता; त्या वेळच्या रंगभेदामुळे तबकडीवर त्याचे नाव बदलून छापावे लागले!

पॅरिसमध्ये जँगो राइनहार्टने दुसराच मार्ग काढला. हा भटक्या जमातीचा तरुण. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने सारे वादन नव्याने शिकून घेतले. १९३४ साली त्याने व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह पाच जणांचा संच उभारला. त्यात एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक मोठे खर्जाचे तंतुवाद्य, एवढेच! ढोल नाही, ट्रंपेट नाही. साहजिकच गिटार ऐकू आली.

परंतु मोठ्या मेळ्याचा प्रश्न सुटला तो विजेमुळे. तारांच्या खाली लोहचुंबक बसवायचे व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे घ्यायचे. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह यंत्राने वाढवून ध्वनिक्षेपकात सोडला की हवा तेवढा मोठा आवाज मिळतो. तातीवर ही युक्ती चालत नाही, कारण चुंबकाला तातीशी काही देणेघेणे नाही. १९३१-३२ मध्ये अशी पहिली गिटार तयार झाली. ती ॲल्युमिनियमची होती आणि दिसण्यावरून लोक तिला ‘तळणीचा तवा’ म्हणत. १९३६ साली गिब्सन कंपनीने नेहमीच्या आकाराची विजेची गिटार विक्रीस आणली.

यंत्र तयार झाले, पण त्यातून काय बोलायचे हे चार्ली ख्रिश्चनने दाखविले. १९१६ साली जन्मलेला हा मुलगा ओक्लाहोमा शहरातील गरीब वस्तीत वाढला. त्याचे वडील अंध होते व मुलांना बरोबर घेऊन ते रस्त्यांवर गाणे-बजावणे करीत. शाळेत चार्ली सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून गिटारी बनवी, अशी आठवण त्याच गावच्या राल्फ एलिसन या लेखकाने लिहून ठेवली आहे.

१९३९ साली जॉन हॅमंड या संगीतप्रेमी गृहस्थाने त्याला विख्यात मेळनायक बेनी गुडमन याच्याकडे नेले. गुडमनला विजेच्या गिटारचे कौतुक नव्हते. तेव्हा हॅमंडने गुडमनला न विचारताच मंचावर चार्लीचे सामान मांडून ठेवले. गुडमन रागावला. या पोराला येत नसेल अशा समजुतीने त्याने ‘रोझ रूम’ ही चाल सुरू केली. चार्लीची पाळी आली. त्याने एकेक स्वर सुटा, स्पष्ट, एखाद्या सुषिरवाद्यासारखा काढला. पुन्हा पाळी आली, पुन्हा नवे काही निघाले. ती एक चाल ४० मिनिटांहून अधिक वेळ चालली, असे हॅमंड सांगत असे. त्यानंतर चार्ली गुडमनच्या संचात दाखल झाला. गिटार आता कोपऱ्यातून पुढे आली.

चार्लीला फार आयुष्य लाभले नाही. क्षयाने २ मार्च १९४२ रोजी तो वारला, तेव्हा तो केवळ २५ वर्षांचा होता.

ब्लूजमध्ये हेच काम टी-बोन वॉकरने केले. त्याचे वादन ऐकून मिसिसिपीतील मळ्यावर काम केलेल्या बी. बी. किंगने विजेच्या गिटारचा ध्यास घेतला. किंग सुरी वा बाटली वापरीत नसे. तो बोटानेच तार बाजूस ओढून स्वर वळवी व थरथरवी. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील एका नृत्यगृहात तो वाजवीत असता दोन माणसे भांडू लागली. उबेसाठी पेटवून ठेवलेले रॉकेलचे पिंप उलटले आणि लाकडी इमारतीने पेट घेतला. सारे बाहेर धावले. बाहेर आल्यावर किंगला आठवले की गिटार आतच राहिली. तो परत ज्वाळांत शिरला व तिला घेऊन कसाबसा बाहेर पडला. भांडण ल्युसिल नावाच्या एका स्त्रीवरून झाले होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्याने त्या गिटारचे नाव ‘ल्युसिल’ ठेवले. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्याने पुष्कळ गिटारी वाजविल्या, आणि त्या प्रत्येकीला तो ल्युसिल याच नावाने हाक मारी.