डिस्क गेली म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या आईच्या घरातली ट्रंक आठवून बघा. लग्नातला शालू, जमिनीचे कागद, मुलांच्या जावळाचे फोटो, सगळं त्या एका ट्रंकेत. आता ही जागा बऱ्याच घरांत कॉम्प्युटरने घेतलीय. फरक एवढाच, की ट्रंकेचं कुलूप बिघडलं तर गल्लीच्या टोकाला कुलूपवाला बसलेला असतो. कॉम्प्युटरचं कुलूप बिघडलं, की आपण हात जोडून उभ्या.

आमच्याकडे मुलाने पुण्याला नोकरीला जाण्यापूर्वी जुन्या कॉम्प्युटरचा ‘फाइल सर्व्हर’ करून ठेवला. नाव मोठं, काम साधं. तो कोपऱ्यात चालू राहतो आणि घरातल्या मोबाइल-लॅपटॉपमधलं सामान वायफायवरून त्याच्यात जाऊन पडतं. आत चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप उमटतं. याला मिररिंग म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी दुसरी असतेच, हा त्यातला हेतू.

त्यात बचत गटाच्या नोंदी होत्या, घरचे फोटो होते. पण माझा जीव अडकला होता तो ओव्यांमध्ये. गटाच्या कामाने गावोगाव फिरताना म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी अकरा वर्षं रेकॉर्ड करत आले. त्या गाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक आज हयात नाहीत. त्यांचा आवाज आता फक्त तिथेच.

गेल्या पावसाळ्यात या डब्याचं काहीतरी बिनसलं. फोल्डर उघडायला वेळ लागायचा, मग उघडेचना. आतून ‘टक्’ आवाज यायचा आणि पुन्हा गर्रर्र सुरू व्हायचं. दुकानदार माणूस भला. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “वहिनी, डिस्क गेल्यात. दोन्ही. नवीन घ्या, फॉरमॅट मारून देतो.” मला तर चहाही गोड लागेना.

माझी पुतणी नाशिकला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, “काकू, आधी तो बंद कर. आणि स्क्रीनवर काहीही विचारलं तरी ‘येस’ दाबू नकोस.” हे दुसरं वाक्य फार मोलाचं. डिस्क नीट ओळखता आली नाही की कॉम्प्युटर साळसूदपणे विचारतो, ‘इनिशिअलाइज करू का?’, ‘फॉरमॅट करू का?’ आपण हो म्हटलं की ट्रंक रिकामी करून नवीन कागद अंथरल्यासारखं होतं.

मग ती म्हणाली, “दोन्ही एकदम कशा मरतील गं?” मी गप्पच झाले. घरातले सगळे दिवे एकदम गेले तर आपण बल्ब बदलत बसत नाही, फ्यूज बघतो. इथेही तेच. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दोन्ही डिस्क एकाच मिनिटाला गायब झालेल्या दिसत होत्या. याचा अर्थ दोघींमध्ये जे सामाईक आहे तिथे बघायचं. वीजपुरवठा सामाईक, आणि कंट्रोलर सामाईक.

कंट्रोलर म्हणजे काय? डिस्क हे धान्याचं कोठार समजा. दारावर जो कारकून पोती आत-बाहेर मोजून देतो, तो कंट्रोलर. मदरबोर्डवर एक असतोच. जास्त डिस्क लावायच्या असल्या की वेगळं कार्ड बसवतात. आमच्याकडे तसं कार्ड होतं. कारकुनाला झापड आली म्हणून धान्य सडलं असं होत नाही. आणि तो ‘टक्’ आवाज? डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगते. वीज क्षणभर तुटली किंवा डिस्क नव्याने सुरू झाली की सुई बाजूला जाते आणि पुन्हा येते, तेव्हाही आवाज होतो. सुई बिघडली तरीही होतोच. त्यामुळे नुसता कान लावून निदान होत नाही. (जगातली पहिली डिस्क आयबीएमने १९५६ साली काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि मावायचं काय, तर सुमारे पाच मेगाबाइट! आजच्या मोबाइलवरचे एक-दोन फोटो.)

डिस्क स्वतःची प्रकृती स्वतःच लिहून ठेवते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं. त्यातले तीन क्रमांक भाजीवालीच्या हिशेबासारखे पाठ करावेत. पाच क्रमांक म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल बाकी असलेल्या जागा. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलरच्या मध्ये, वाटेत, सांडलेला मजकूर. पहिले दोन वाढले तर डिस्कचं दुखणं. तिसरा वाढला तर बहुतेकदा वायरीचं किंवा कारकुनाचं. (त्या सॉफ्टवेअरमध्ये हेच ०५, सी५ आणि सी७ असे दिसतात.) १९९चा आकडा कधी मागे येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा आज वाढतोय का ते बघायचं.

आमच्या दोन्ही डिस्कचा १९९ शेकड्यांत गेला होता. एकीचे पाच आणि १९७ चक्क शून्य. दुसरीचा १९७ मात्र आठ. “ती जरा आजारी आहे,” पुतणी म्हणाली, “पण मेली नाहीये.”

मग ती व्हिडिओ कॉलवर आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमिनीवर. तिचा नियम कडक: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत वेळ लिहायची, आणि प्रत्येक वेळी मशीन बंद करून प्लग काढायचा. बाहेरची नवी डिस्क जोडून आधी ओव्यांची प्रत काढायला घेतली. वीस मिनिटांत दोन्ही डिस्क गायब. डेटाच्या वायरी बदलल्या. शंभर-दीडशे रुपयांची एक. पुन्हा गायब. एकाच पिनेतून दोघींना वीज देणारा जोड काढून स्वतंत्र वायर दिली. या वेळी पाऊण तास चाललं, मग पुन्हा तेच. कार्डाला बोट लावलं तर चटका बसला. त्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत गोधडीला पुरेल एवढी धूळ. शेवटी कार्ड काढूनच ठेवलं आणि दोन्ही डिस्क थेट मदरबोर्डला जोडल्या. रात्रभर कॉपी चालू होती. मी दोनदा उठून बघितलं. सकाळी १९९चा आकडा जसाच्या तसा, आणि फाइली सगळ्या. पहिलीच उघडली. जात्याची घरघर आणि तिच्यावर आमच्या वाडीतल्या एका आजींचा आवाज. त्या जाऊन सहा वर्षं झाली.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. आमचं मिररिंग मुलाने सॉफ्टवेअरने केलेलं होतं, म्हणून डिस्क हलवल्या तरी त्या एकमेकींना ओळखू शकल्या. काही ठिकाणी हे काम कार्डच करतं, स्वतःच्या खास लिपीत. तसं असेल तर डिस्क दुसरीकडे लावून उपयोग होईलच असं नाही. बहुधा त्याच जातीचं कार्ड शोधावं लागतं. कार्ड कुठलं आहे, कोणत्या वायरीला कोणती डिस्क आहे, हे चालू असतानाच फोटो काढून डब्याला चिकटवून ठेवावं.

आजारी डिस्कचं काय केलं? बदलली. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या डिस्कमध्ये अशी निकाल बाकी असलेली पहिली जागा दिसली, ती पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा सोळा पट निघाली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी आधी कसलीच खूण दाखवली नव्हती. काल धडधाकट, आज नाही.

म्हणून मिरर असला तरी प्रत वेगळी लागते. चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते, आणि वीज पडली तर दोघी एकाच डब्यात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा हिशेब फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केला. आमची बाहेरची प्रत माझ्या माहेरी आहे. भावजयीने ती फराळाच्या डब्यात, कापडात गुंडाळून, धान्याच्या कोठीवर ठेवलीय. दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला गेले की मी ती लॅपटॉपला जोडते, नव्या ओव्या भरते आणि दोन-चार जुन्या लावून बघते. वहिनी तोवर कणीक मळता मळता ऐकते.