उन्हाळ्यात बॅटरी का फुगते?

मे महिन्यात नांदेड आणि लातूरमध्ये पारा अनेकदा 42 अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये तो 60 अंशही ओलांडतो. डॅशबोर्डवर विसरलेला मोबाइल किंवा पत्र्याच्या शेडखाली तापलेली इलेक्ट्रिक स्कूटर वरून जशीच्या तशी दिसते. आतल्या बॅटरीचे आयुष्य मात्र घटत असते.

लिथियम-आयन बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एक द्रव असतो. इथिलिन कार्बोनेट, डायमिथाइल कार्बोनेट अशा द्रावकांत लिथियमचा क्षार विरघळवून तो तयार करतात. पहिल्याच चार्जिंगला ऋण टोकाच्या ग्रॅफाइटजवळ थोड्या द्रावकाचे विघटन होते आणि दुधावर साय धरावी तसा पातळ थर जमतो. हा थर उपयोगाचा असतो. तो लिथियमच्या आयनांना वाट देतो, पण उरलेल्या द्रावकाला ग्रॅफाइटपासून दूर ठेवतो.

उष्णता वाढली की हा थर ठिकठिकाणी तुटतो आणि पुन्हा बनतो. दर वेळी थोडा द्रावक आणि थोडे लिथियम कायमचे खर्ची पडते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर धन टोकाकडेही द्रावकाचे ऑक्सिडीकरण होते. या क्रियांतून कार्बन डायऑक्साइड, इथिलिन असे वायू साठतात आणि बॅटरी फुगते.

हे द्रावक ज्वलनशील असतात. आतले तापमान 80 ते 120 अंशांपर्यंत गेले, तर थर ढासळतो, त्यातून आणखी उष्णता निघते आणि ही साखळी आगीपर्यंत जाऊ शकते. 2022 मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटर पेटल्या. त्यानंतर केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरी सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक अधिक कडक केले.

आपल्या हातात काय आहे? गाडी सावलीत लावावी. उन्हातून आल्यावर बॅटरी गार झाल्यावरच चार्जिंगला लावावी. रोजच्या वापराला 80 टक्के चार्जिंग पुरते. चार्जर कंपनीचाच वापरावा आणि स्कूटर जिन्यात किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी. बॅटरीतून धूर निघू लागला, तर त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो. वस्तू वाचवत बसू नये. सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे आणि 112 वर फोन करावा.