काळी काच म्हणजे गार गाडी नव्हे



आज मी गाडीच्या काचेबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ‘ताई, हा विषय पुरुषांचा, गॅरेजवाल्यांचा. आपला काय संबंध?’ संबंध आहे. आपल्या गटांतल्या किती तरी बायकांच्या घरी कर्ज काढून गाडी आली आहे. कोणी डबे पोचवतं, कोणी मसाला-पापड प्रदर्शनाला नेतं, कोणाचा मुलगा शाळेची मुलं ने-आण करतो. हप्ता आपण भरतो, मग गाडीवर कशासाठी खर्च होतो तेही आपल्याला कळायला हवं.

आमच्या तळोज्यातल्या एका ताईंचं सांगते. त्यांच्याकडे इको गाडी आहे. सकाळी एमआयडीसीत जेवणाचे डबे द्यायचे आणि रात्री दुसरी पाळी सुटली की कामावरच्या बायकांना घरी सोडायचं. एप्रिलमध्ये गाडी तव्यासारखी तापायला लागली. मुलाने एका दुकानातून सगळ्या काचांना काळीभोर फिल्म लावून आणली. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘जितकी काळी, तितकी थंड.’

महिन्याभरात तीन गोष्टी झाल्या. पहिली, गाडी जवळजवळ पूर्वीइतकीच तापत राहिली. दुसरी, रोज येणारी एक मुलगी बसायला तयार होईना. म्हणाली, ‘काकू, गाडी तुमची आहे हे मला ठाऊक आहे. पण आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही. रात्री मला नाही बसवत.’ आणि तिसरी, वाहतूक पोलिसांनी अडवून दंड केला आणि फिल्म तिथल्या तिथे काढायला लावली. फिल्मचे पैसे गेले, दंडाचे गेले, वर काचेवर राहिलेला डिंक घासायला दोन दिवस गेले.

यात ताईंचं काय चुकलं? उष्णतेचा बंदोबस्त करायचा होता, हे काही चुकीचं नव्हतं. ऊन ही गमतीची गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ ला आपल्या शेजारी खारघरला उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला आणि उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा जीव गेला, हे आपण विसरलेलो नाही. चूक एवढीच झाली, की काळेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी सांगितलं नाही. तेच आज समजून घेऊ.

ऐन दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट इतकं ऊन पडतं. म्हणजे आपली कपड्यांची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं. गाडीला चारही बाजूंनी काच, म्हणजे अशा किती इस्त्र्या झाल्या बघा. साधी काच यातलं बरंचसं ऊन आत सोडते. त्याने सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग तापतं. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र काचेतून परत बाहेर जात नाही, आणि बंद गाडीतली गरम हवाही निघत नाही. म्हणून बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापतं.

आता उन्हात काय काय असतं? आपल्याला दिसतो तो उजेड असतो, साधारण ४० ते ४५ टक्के. जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात, दुकानात ‘आयआर’ म्हणतात. उरलेला थोडा भाग अतिनील किरणांचा, म्हणजे ‘यूव्ही’चा. त्याने कातडी काळवंडते आणि सीटचं कापड विटतं.

स्वस्तातली काळी फिल्म म्हणजे रंग दिलेलं प्लास्टिक. ती उजेड अडवते, पण न दिसणारी उष्णता बरीचशी आत सोडते. शिवाय ती ऊन स्वतःत शोषते, काच तापते, आणि त्या तापलेल्या काचेची धग आतल्या माणसालाच लागते. डोळ्यांना अंधार झाला म्हणून बरं वाटतं, इतकंच. वर्ष-दोन वर्षांत ती जांभळी पडते आणि तिला फुगे येतात.

दुसरी फिल्म धातूचा पातळ थर दिलेली. ती ऊन परतवते, पण आरशासारखी चमकते, आणि धातूमुळे मोबाईल, जीपीएस आणि फास्टॅगला अडथळा येऊ शकतो.

तिसरी सिरॅमिकची. तिच्यात धातूसारखा अडथळा नाही, आणि ती जवळजवळ पारदर्शक असूनही न दिसणारी उष्णता मोठ्या प्रमाणात अडवते. ती महाग असते. पण म्हणूनच लक्षात घ्या, की गारवा काळेपणातून येत नाही.

आता दुकानात काय दाखवतात ते ऐका. एक लाल तापणारा दिवा लावतात, पुढे फिल्म लावलेली काच धरतात आणि म्हणतात, ‘हात ठेवून बघा, ९५ टक्के गरमी बंद.’ हात गार राहतो, हे खरं. पण त्या दिव्यातून निघते ती मुख्यतः न दिसणारी उष्णता. सूर्याच्या उन्हात ती साधारण निम्मीच, बाकीचा बराचसा उजेड असतो, आणि उजेडानेही सीट तापतेच. म्हणून नुसता आयआरचा आकडा ऐकून भुलू नका. ‘एकूण सूर्यऊर्जा किती अडते?’ असं विचारा. कागदावर तो आकडा ‘टीएसईआर’ या नावाने असतो. आरपार दिसणाऱ्या चांगल्या फिल्मचा तो साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. कोणी ९५ म्हणालं, तर ते आयआरबद्दल बोलताहेत असं समजा.

दुसरा आकडा ‘व्हीएलटी’. म्हणजे काचेतून किती उजेड आरपार जातो. कायद्याला हा आकडा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड जायला हवा.

इथे हिशेब नीट करा, कारण इथेच फसवणूक होते. कंपनीची काचसुद्धा थोडा उजेड अडवते. समजा बाजूच्या काचेतून ८० टक्के उजेड जातो आणि तुम्ही ७० टक्क्यांची फिल्म लावली. तर ८० चे ७० टक्के, म्हणजे ५६ झाले. चालेल. पण ६० ची फिल्म लावली तर ४८ झाले. फिल्मच्या पाकिटावर ६० लिहिलेलं असूनही गाडी नियमाबाहेर गेली. पुढच्या काचेत तर ७० च्या वर फारशी जागाच नसते. त्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तो बहुतेक यूव्ही आधीच अडवतो. म्हणून ती मोकळीच ठेवलेली बरी.

फिल्म लावणं कायद्यात बसतं का? २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवायला बंदी केली. पुढे नियम १०० मध्ये बदल झाला, काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिक असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली. त्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी प्रमाणित फिल्म चालेल. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडे काळी काच दिसली की दंड होतोच. म्हणून फिल्म घेण्याआधी आपल्या आरटीओत, आमच्यासारख्यांनी पनवेलला, विचारून घ्यावं, आणि प्रमाणपत्र व बिल गाडीतच ठेवावं. जाळीचे पडदेही गाडी चालताना काढून ठेवा, त्यावरही दंड होतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर मुद्दा होता गुन्ह्यांचा. काळ्या काचेआड काय चाललंय ते रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, त्या बसलाही काळ्या काचा आणि पडदे होते. आमच्या बैठकीत काही जणी म्हणाल्या, ‘काळी काच असली की आपल्याला कोणी बघत नाही, बरं वाटतं.’ तेही खोटं नाही, टक लावून बघणाऱ्यांचा त्रास आपल्याला ठाऊक आहे. पण रात्री पाळीवरून येताना लोकांना आपण दिसणं, हेच आपलं संरक्षण असतं. त्या मुलीला हे आमच्याआधी कळलं होतं.

चांगल्या फिल्मचा आणखी एक फायदा. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं गाडी चालवलेल्या, ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा जाड, सुरकुत्यांचा, दुसरा अर्धा बराच तरुण. बाजूच्या काचेतून येणाऱ्या यूव्हीचा हा परिणाम. चांगली फिल्म ९९ टक्क्यांपर्यंत यूव्ही अडवते, आणि त्यासाठी ती काळी असावी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म कितीही चांगली असो, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मूल कधीही ठेवू नका. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून बाळाला झोपवून जाऊ नका. शाळेच्या गाडीतून शेवटचं मूल उतरलं का, हे मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायला चालकाला सांगा. दूध, मासळी, औषधंही ठेवू नका.

फिल्मवर खर्च करण्याआधी बिनपैशाचे उपाय करा. गाडी सावलीत लावा. उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पत्र्यासारखा पडदा लावा. निघताना सगळी दारं मिनिटभर उघडा, पहिली दोन-चार मिनिटं काचा खाली ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

तरीही फिल्म घ्यायची असेल तर आधी बाजूच्या काचांनाच लावा. व्हीएलटी आणि टीएसईआर हे दोन्ही आकडे कागदावर मागा. नमुना दुकानातल्या दिव्यापुढे नको, दुपारच्या उन्हात धरून बघा. हमी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या. लावल्यावर तीन-चार दिवस काच खाली करू नका आणि मऊ फडक्याने पुसा. धुळीत, उघड्यावर लावून घेऊ नका.

त्या ताईंनी शेवटी काय केलं? पनवेलला चौकशी केली, बाजूच्या काचांना पारदर्शक फिल्म लावली, पुढे चंदेरी पडदा घेतला. गाडी बर्फासारखी झाली नाही, पण चटका कमी झाला. आणि ती मुलगी पुन्हा बसायला लागली. आता आत कोण आहे ते तिला दारातूनच दिसतं.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी काचेचे आकडे घेऊन या. हिशेब मिळून करू.